९६ पौंड जादा

घराण्यात एकच वैमानिक असला की जगात कुठेही विमान पडलं तरी फोन त्यालाच येतो. पुण्याची मावशी, अमरावतीचे साडू, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांचा प्रश्न एकच: "इंजिन बंद पडलं होतं का हो?" उडणं सोडून मला बरीच वर्षं झाली. आता नागपुरात पोरांचे ग्राउंड क्लास तेवढे घेतो. फोन मात्र थांबलेले नाहीत.

प्रश्न चुकीचा नाही. एका इंजिनाचं, चार आसनांचं छोटं विमान टेकऑफनंतर मिनिटभरात खाली येतं तेव्हा इंजिनाने दगा दिला असण्याची शक्यता असतेच. त्याचा सराव आम्ही विद्यार्थ्याकडून त्याला कंटाळा येईपर्यंत करून घेतो. नाक खाली, वेग सांभाळ, समोर जे शेत दिसेल त्यात उतर. धावपट्टी मागे राहिली तर राहू दे, वळून तिच्याकडे जायला बघू नकोस. तीन-चारशे फुटांवर बंद इंजिनाने मागे वळायला गेलेली माणसं बहुधा पोचत नाहीत. विद्यार्थी हे पाठ करतात आणि त्यांना वाटतं, टेकऑफचा धोका आपल्याला कळला.

इंजिन ठणठणीत असताना, पूर्ण ताकदीने चालू असताना विमान कसं पडतं, हे पटवायला जास्त वेळ लागतो. त्यासाठी मी दर बॅचला एकच अपघात घेतो. ११ एप्रिल १९९६, शायान, वायोमिंग राज्य, अमेरिका. सकाळचे ८ वाजून २४ मिनिटं.

पन्नाशीच्या पुढच्या काही वाचकांना बातमी आठवत असेल. सात वर्षांची मुलगी विमान चालवत अमेरिका ओलांडायला निघाली आणि विमान पडलं. लोकांच्या डोक्यात एवढंच राहिलं, आणि त्यातला 'चालवत' हा भाग खरा नाही. पण त्याकडे मी मागाहून येतो.

मुलीचं नाव जेसिका डब्रॉफ. महिन्याभरात ती आठ वर्षांची होणार होती. मागच्या आसनावर वडील, लॉइड डब्रॉफ, वय ५७. पुढे उजवीकडे इन्स्ट्रक्टर जो रीड, वय ५२. विमानही त्यांचंच: सेस्ना १७७ बी कार्डिनल, १८० अश्वशक्तीचं एक इंजिन, चार आसनं. पुढच्या डाव्या आसनावर, म्हणजे जिथे एरवी वैमानिक बसतो तिथे, जेसिका. बाहेरचं दिसावं म्हणून खाली उंच गादी आणि पाय पोचावेत म्हणून पॅडलना जोडलेले अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या हाफ मून बेहून निघायचं आणि पार दुसऱ्या किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्समधल्या फाल्मथला पोचायचं, असा बेत. कल्पना वडिलांची. त्यांनी पत्रकारांना वाटायला मुलीच्या नावाच्या टोप्या छापून घेतल्या होत्या. एबीसी वाहिनीने त्यांच्या हातात व्हिडिओ कॅमेरा आणि कोऱ्या कॅसेट दिल्या होत्या, की वाटेत चित्रण करत या. गिनीजच्या पुस्तकाने 'सर्वांत लहान वैमानिक' हा प्रकार त्याच्या काही वर्षं आधीच बंद केला होता, त्यामुळे अधिकृत विक्रम तर होणारच नव्हता. विक्रम नसला तरी बातमी होती.

पहिल्या दिवशी, १० एप्रिलला, ते हाफ मून बेहून नेवाडातल्या एल्कोला, तिथून वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्जला आणि संध्याकाळी शायानला आले. छोट्या विमानात दिवसभर बसणं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच कळतं: कानात इंजिनाचा आवाज, पाठीला रग, वाऱ्याचे धक्के. वाटेत एका टप्प्यात जेसिका झोपून गेली होती. वाऱ्यामुळे एका लँडिंगला रीड यांना हात लावावा लागला होता. सात वर्षांच्या मुलीकडून दुसरी काय अपेक्षा करणार? शायानला स्वागत झालं, मुलाखती झाल्या. सकाळी लवकर निघून नेब्रास्कातल्या लिंकनला आणि तिथून पुढे इंडियानातल्या फोर्ट वेनला जायचं होतं.

इथे मी पोरांना थांबवतो आणि विचारतो, शायान किती उंचीवर आहे? कुणालाच माहीत नसतं. शायानचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ६,१५६ फुटांवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर साधारण ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्राचा सर्वांत उंच दगड जिथे संपतो त्याच्याही साडेसातशे फूट वर ही धावपट्टी. आजूबाजूला डोंगर नाहीत, सपाट माळ आहे. त्यामुळे उंचीवर आलोय हे डोळ्यांना कळतच नाही. आणि रीड ज्या गावात उडायचे आणि शिकवायचे, ते हाफ मून बे समुद्राला लागून.

उंचीवर हवा विरळ असते हे शाळेतलं पोरही सांगेल. विमानाला मात्र ती तीन ठिकाणी नडते. इंजिनाला कमी हवा मिळते, त्यामुळे ताकद घटते. दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के असा ढोबळ हिशोब धरा. पंखा, म्हणजे प्रोपेलर, कमी हवा मागे ढकलतो. आणि पंख कमी हवेवर टेकलेले असतात, म्हणून तेवढंच वजन उचलायला जास्त वेगाने धावावं लागतं. त्यात हवा तापली की ती आणखी विरळ होते. म्हणून धावपट्टीची कागदावरची उंची वैमानिकाच्या कामाची नसते. त्या दिवशीची हवा किती उंचीवरच्या हवेसारखी वागतेय, हे बघायचं असतं. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. शायानला त्या सकाळी थंडी होती, चार-पाच अंश, तरीही हा आकडा ६,६७० फूट निघाला. १८० अश्वशक्तीच्या इंजिनाची पाचव्या हिश्श्याची ताकद जागेवरच गेली. समुद्रकाठी हे विमान मिनिटाला ८४० फूट चढतं. शायानला नियमाप्रमाणे भरलं असतं तरी त्याच्या निम्म्याच्या आसपासच चढलं असतं.

नागपूरच्या पोरांना हे पटकन कळतं, कारण आमचा मे महिना हीच गोष्ट शिकवतो. सोनेगावचा विमानतळ १,०३३ फुटांवर. त्या उंचीवर पुस्तकी तापमान १३ अंश हवं. मे महिन्यात दुपारी पारा ४५ वर. म्हणजे ३२ अंश जादा. प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट धरले तर ३,८४० फूट. दोन्हींची बेरीज ४,८७३. नकाशावर विमान नागपूरलाच उभं असतं, पण त्याच्या लेखी ते महाबळेश्वरच्याही वर पोचलेलं असतं. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात शिकाऊ उड्डाणं पहाटे. दुपारी एखादा उत्साही पोरगा "सर, एक सर्किट मारू का?" म्हणून आला की मी त्याला आधी ही बेरीज करायला बसवतो. बेरीज झाली की उत्साह आपोआप ओसरतो.

किनाऱ्यावरच्या वैमानिकाला उंचीवर आणखी एक चकवा बसतो, आणि हा मला फार महत्त्वाचा वाटतो. विरळ हवेत एअरस्पीडचा काटा ६० दाखवत असतो तेव्हा जमिनीच्या हिशोबाने विमान त्याहून बरंच वेगाने पळत असतं. खिडकीतून पाहिलं तर झाडं, घरं भरभर मागे जाताना दिसतात. डोळे म्हणतात, वेग भरपूर आहे, नाक उचल. काटा म्हणतो, नाही, अजून थांब. ज्याची सगळी सवय समुद्रकाठची, त्याचे डोळे त्या सवयीनेच मोजणार.

आता वजन. कार्डिनलचं टेकऑफचं कमाल वजन २,५०० पौंड, म्हणजे ११३४ किलो. तपासात हिशोब मांडला तेव्हा शायानहून निघताना विमान त्यापेक्षा ९६ पौंडांनी जड होतं. किलोत सांगायचं तर साधारण ४४. ऐकायला किरकोळ वाटतं. आपल्याकडे काळीपिवळीत तेरावा माणूस बसतोच, असं एक विद्यार्थी म्हणाला होता, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, काळीपिवळीपुरतं. विमान ज्या किमान वेगाला हवेत टिकतं तो वेग या वजनाने सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो. दोन टक्के एकटे आले असते तर निभावलं असतं. ते एकटे आले नाहीत.

त्या सकाळी विमानतळावर काय घडलं ते तपास अहवालात क्रमाने आहे, आणि माझ्या मते सगळा अपघात त्यातच आहे. पश्चिमेकडून वादळी ढग येत होता. पूर्वेकडे, म्हणजे जिकडे जायचं होतं तिकडे, आकाश बरं दिसत होतं. रीड यांनी फोनवर हवामानाची माहिती घेतली. त्यात गोठणारे ढग, धक्के, घसरती दृश्यता अशा सगळ्या सूचना होत्या, पण पूर्वेकडची परिस्थिती त्यातल्या त्यात बरी होती. कुणाही वैमानिकाच्या मनात जे येईल तेच त्यांच्या मनात आलं: ढग इथे पोचायच्या आत निसटू. पाऊस सुरू होताना स्थानिक रेडिओवाल्याने थांबा म्हणून सुचवलं, तेव्हाही उत्तर हेच होतं की वादळाच्या आधी निघायचंय.

आणि मग घाईची लक्षणं दिसायला लागतात. रीड यांनी इंजिन सुरू केलं, पण पुढच्या चाकाला लावलेला चॉक, म्हणजे अडसराचा ठोकळा, तसाच होता. इंजिन बंद करून तो काढावा लागला. पुढे रेडिओच्या फ्रिक्वेन्सीचा घोळ झाला. चॉक राहणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे, प्राणघातक नाही. तिने कुणी मेलेलं नाही. पण मी इन्स्ट्रक्टर म्हणून इतकी वर्षं पोरांकडे बघत आलो, त्यावरून सांगतो, ज्या माणसाचा चॉक राहतो त्याचं डोकं त्या क्षणी विमानाच्या पुढे पळत असतं. तो मनाने केव्हाच आकाशात गेलेला असतो. अशा वेळी पोराला खाली उतरवावं, चहा पाजावा, विमानाभोवती पुन्हा एक चक्कर मारायला लावावी. रीड यांना कोण उतरवणार? तिथले सर्वांत वरिष्ठ तेच. मागे कॅमेरा घेतलेले वडील आणि शेजारी गादीवर बसलेली मुलगी.

टॉवरने वारा सांगितला: पश्चिमेकडून २० नॉट, झोत ३० पर्यंत. नुकत्याच उडालेल्या दोन इंजिनांच्या एका सेस्नाच्या वैमानिकाने कळवलं की वर चढताना वेगाचा काटा एकदम १५ नॉट वर, १५ नॉट खाली होतोय. ही बातमी रीड यांच्यापर्यंत पोचली होती. तेवढ्यात दृश्यता ३ मैलांच्या खाली गेली. याचा अर्थ डोळ्यांच्या भरवशावर उडणाऱ्या विमानाला नेहमीच्या नियमाने परवानगी नाही. टॉवरने तसं सांगून विचारलं, आता काय करायचा विचार आहे? रीड यांनी खास परवानगी मागितली, तीही नाव चुकवून. कंट्रोलरने अर्थ लावून ती दिली. तशी परवानगी असते आणि ती देण्यात त्याने नियम मोडला नाही. बाहेरच्या बऱ्याच लोकांना वाटतं की टॉवरने हो म्हटलं म्हणजे उडणं सुरक्षित. तसं काही नसतं. इतर विमानांशी टक्कर होणार नाही, एवढंच टॉवर बघतो. हवा झेपेल का, वजन झेपेल का, हा निर्णय कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाचा.

धावपट्टी क्रमांक ३० वरून विमान वायव्येकडे धावलं. वारा जवळपास तोंडावर, म्हणजे टेकऑफपुरता चांगला. पण वादळही साधारण त्याच बाजूला. पाहणाऱ्यांना विमान हळू आणि खालून जाताना, हेलकावे खाताना दिसलं. मग ते उजवीकडे, पूर्वेच्या दिशेने वळायला लागलं. काही शे फुटांवर असताना नाक खाली गेलं आणि ते जवळजवळ सरळ उभं वस्तीतल्या एका घराच्या दारात कोसळलं. तिघंही गेले. जमिनीवर कुणाला इजा झाली नाही.

ते का कोसळलं, हे समजायला पंखाचं एवढंच गणित पुरे. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा किंचित वर कलता केला की वारा हात उचलतो. आणखी कलता केला की आणखी उचलतो. एका मर्यादेपलीकडे कलवला की उचलणं थांबतं आणि हात नुसता मागे ढकलला जातो. पंखाचंही तसंच. वेग कमी असला की उंची टिकवायला वैमानिक नाक वर धरतो, कोन वाढवत जातो, आणि मर्यादा आली की पंखावरून वाहणारी हवा त्याला सोडून देते. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन त्या वेळी गर्जत असलं तरी फरक पडत नाही. उंची असेल तर नाक खाली घालून, वेग घेऊन विमान सावरता येतं. त्याचा सराव आम्ही हजारो फुटांवर करून घेतो. तीन-चारशे फुटांवर सावरायला जागाच नसते.

वळणात हा किमान वेग आणखी वाढतो, कारण वळताना पंखाला वजनही पेलायचं असतं आणि विमान वळवायचंही असतं. ३० अंश कलून वळलं तर सुमारे ७ टक्के, ४५ अंशांना १९, ६० अंशांना ४१. आता मगाचे ते वजनाचे दोन टक्के इथे मिळवा. पंखावरून वाहणारं पावसाचं पाणी मिळवा. विरळ हवेत अशक्त झालेलं इंजिन मिळवा. आणि झोताचा वारा, जो एका क्षणी १५ नॉट देतो आणि पुढच्या क्षणी काढून घेतो.

पश्चिमेचा वारा तोंडावर असताना उजवीकडे पूर्वेला वळलात की तोच वारा पाठीवर येतो. जमिनीवरचा वेग वाढत जातो, घरं खालून भराभर सरकतात. समोरच्या काचेवर पाऊस, क्षितिज दिसत नाही, म्हणून माणूस बाजूच्या खिडकीतून जमिनीकडे बघतो. रीड उजव्या आसनावर आणि वळण उजवीकडे, म्हणजे त्यांना दिसत होती ती खालची जमीनच. एअरस्पीडचा काटा मुलीच्या समोर, डाव्या बाजूला. उंचीवरचा जो चकवा वर सांगितला तो आणि पाठीवरच्या वाऱ्याचा चकवा, दोन्ही एकाच दिशेने खोटं बोलतात: वेग पुरेसा आहे.

माझे काही सहकारी म्हणतात, सरळच का नाही गेले? सरळ ढग होता. डावीकडेही ढग. उजवीकडे वळलं की पाठीवर वारा. हवेत गेल्यावर त्यांच्यापुढे असलेल्या वाटांपैकी एकही चांगली नव्हती, आणि त्यांनी निवडली ती त्यातली सर्वांत मोहाची. मी त्या वळणाला दोष देण्यापेक्षा ८ वाजून २० मिनिटांच्या निर्णयाला देतो, जेव्हा चाकं जमिनीवर होती आणि हॉटेलच्या खोल्या दहा मिनिटांवर.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, १९९७ मध्ये अहवाल दिला. इंजिनात किंवा विमानाच्या सांगाड्यात बिघाड नव्हता. अखेरच्या वेळी विमान जेसिकाच्या हातात नव्हतं, रीड यांच्या हातात होतं, असा निष्कर्ष मंडळाने काढला. कारण म्हणून नोंदलं ते असं: हवामान बिघडत असताना, विमान जादा वजनाचं असताना आणि वैमानिकाला सवय नसलेल्या डेन्सिटी अल्टिट्यूडवर टेकऑफ करण्याचा त्याचा चुकीचा निर्णय, त्यातून वेग न राखला जाणं, आणि स्टॉल. त्याला हातभार लावणारी गोष्ट म्हणून मंडळाने आणखी एक ओळ लिहिली, जी विमान अपघाताच्या अहवालात क्वचित दिसते: फार महत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळण्याची इच्छा, आणि तिच्यामागे काही अंशी प्रसारमाध्यमांना दिलेले शब्द.

पण अहवाल यायला अकरा महिने लागले आणि निवाडा त्याच आठवड्यात झाला होता. 'टाइम'च्या मुखपृष्ठावर मुलीचा चेहरा आला. आईवडिलांनी मुलीला मारलं, असा एकूण सूर. ज्या वाहिन्यांनी आदल्या दिवशी गादीवर बसलेली गोड मुलगी दाखवली, त्याच आता विचारत होत्या की हे होऊ कसं दिलं. मला या दुटप्पीपणाचा राग येतो, पण त्याहून जास्त एका गोष्टीचा. सगळी चर्चा मुलीच्या वयावर गेल्यामुळे उरलेलं शिक्षण वाया गेलं. त्या डाव्या आसनावर जेसिकाच्या जागी तीस वर्षांचा तगडा विद्यार्थी असता, तरी विमान तसंच पडलं असतं. वजन तर आणखी वाढलं असतं. लहान मुलीमुळे विमान पडलं नाही, पण ती लहान असण्याची बातमी झाली होती म्हणून ते त्या सकाळी उडालं. एवढाच तिचा संबंध.

ऑक्टोबर १९९६ मध्ये अमेरिकेत कायदा झाला. खासगी वैमानिकाचा परवाना नसलेल्या कुणाच्याही हातात, विक्रम किंवा पराक्रम म्हणून केलेल्या उड्डाणात, विमानाची नियंत्रणं देता येणार नाहीत. चांगला कायदा आहे. आपल्याकडे विद्यार्थी वैमानिकाचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, खासगी सतराव्या, व्यावसायिक अठराव्या. त्याआधी हौस म्हणून इन्स्ट्रक्टरच्या शेजारी बसणारी मुलं असतात, माझ्याही शेजारी बसली आहेत, आणि त्यांचे डोळे बघण्यासारखे असतात. त्यांच्या आईवडिलांना मी एकच अट घालायचो. आज उडायचं की नाही हे मी ठरवणार, आणि 'नाही' म्हटलं तर फोटो काढायला आलेल्या मामा-मामींची समजूत तुम्ही घालायची. बहुतेक हो म्हणायचे. एक गृहस्थ रागावून निघून गेले, त्यांनी पेपरवाला सोबत आणला होता.

जादा वजन घेऊन उडू नये आणि वादळाच्या तोंडावर उडू नये, यासाठी मात्र नवा कायदा करावा लागला नाही. ते नियम तेव्हाही होतेच.

हा अपघात शिकवून झाला की मी पोरांना कार्डिनलचा लोड शीट देतो. तीन माणसं, सामान, भरलेल्या टाक्या. ९६ पौंड जास्त होतायत. काय कमी कराल? बहुतेक जण पेट्रोलवर बोट ठेवतात, आणि ते बरोबर आहे. विमानाचं पेट्रोल गॅलनला सहा पौंड भरतं, म्हणजे १६ गॅलन, सुमारे ६० लिटर काढलं की वजन बसतं. लिंकन एका दमात होणार नाही, वाटेत नॉर्थ प्लॅटला उतरून भरून घ्यावं लागेल. तासभर जाईल. काही पोरं टोप्यांची खोकी आणि बॅगा उतरवतात. त्यातून तेवढं निघत नाही, पण मन दिसतं. मागच्या बॅचमधल्या एका मुलीने दोन शब्दांत उत्तर लिहिलं: बाबांना उतरवा.

गणित बरोबर होतं, वजन बसत होतं. मी तिला अर्धे गुण दिले. ती भांडायला आली. म्हटलं, बाई, बाबा उतरले, पण पश्चिमेचा ढग कुठे गेला? त्याचं उत्तर लोड शीटवर नाही. विमानतळावरच्या बाकावर बसून दोन तास वाट बघायची, हे कागदाच्या मागच्या बाजूला लिहून आण आणि उरलेले गुण घेऊन जा.